म्हसोबाचा थांबा

चार नंबरची गाडी खांबापाशी आली, पिवळा दिवा दोनदा मिचकावून जागच्या जागी थबकली, आणि बायाक्का चौगुलेंनी ॲप्रनच्या खिशातून झेंडूचं फूल काढून तिच्या टपावर ठेवलं.

"आली गं माझी बाय," म्हणत त्यांनी हात जोडले. "पाया पडून घे. घाई न्हाई."

मागून येणाऱ्या गाड्या एकेक करत थांबल्या. गाड्या थांबल्या म्हणून माल थांबला, माल थांबला म्हणून बेल्ट थांबला. आणि तपासणीच्या टेबलांमागे बसलेल्या सगळ्या बायका बघता बघता नाहीशा झाल्या. मला वाटलं, देवाला प्रसाद आणायला गेल्या असतील.

"बघितलंसा?" वर्क्स मॅनेजर हेरवाडे साहेब माझ्याकडे वळून म्हणाले. "दिवसातनं सात-आठ वेळा. हाच खांब. म्हशीगत बसते बघा. पाठीवर थाप मारा, शिव्या घाला, हलायचं नाव नाही. कंट्रोल रूममधली पोरं येऊन एकेकीला परत चालू करणार, तोवर अर्धा कारखाना गप्प."

"पाठीवर थाप मारून पाहिलीत तुम्ही?"

"लाथही मारून बघितली, मॅडम. तुमच्यापासून काय लपवायचं."

कागलच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आबासाहेब मगदुमांचा. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचे ओतीव भाग तिथे व्हायचे. ते भाग मशीनवरून तपासणीपर्यंत नेण्यासाठी आबांनी हौसेनं बिनड्रायव्हरच्या सहा गाड्या घेतल्या होत्या. गुडघ्याएवढ्या उंचीच्या, चपट्या, आपापल्या वाटेनं मुकाट चालणाऱ्या. त्या चालायच्या वायफायवर, म्हणजे चालायच्या कमी आणि थांबायच्या जास्त. मी ज्या कंपनीत होते ती कारखान्यांना त्यांचं स्वतःचं, खासगी मोबाइल नेटवर्क उभारून द्यायची. बाळंतपणाच्या रजेनंतरचं माझं ते पहिलंच काम.

पुण्याच्या साहेबांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "महिनाभराची चाचणी आहे. शेवटच्या शुक्रवारी त्यांच्या गिऱ्हाईक कंपनीकडून पाहणीला येणार आहेत. त्या दिवशी गाड्या नीट चालल्या तर मगदूम नेटवर्क ठेवून घेणार. मग कोल्हापूरचं सगळं काम तुझं. नाहीतर हैदराबादच्या सपोर्ट टीममध्ये एक जागा आहेच, काळजी करू नकोस."

मी काळजी करायला लागले. रेवा तेव्हा सहा महिन्यांची होती. नवरा इथल्या कॉलेजात शिकवायचा, आई राजारामपुरीत, तिच्याकडे रेवाला सोडून मी कागल गाठायची. हैदराबाद म्हणजे नवरा इकडे, आई इकडे, मी तिकडे, आणि रेवा कुठे, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आज रेवा पहिलीत आहे. ती शाळेतून यायच्या आत हे लिहून संपवावं म्हणते.

तर खांब.

"ह्या खांबाच्या जागी आमचा म्हसोबा हुता," बायाक्कांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. त्या तपासणीच्या बायकांच्या पुढारी. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की लेथ मशीन लाजेल. "लिंबाखाली हुता. कारखाना बांदताना आबासायबांच्या वडलांनी त्येला गेटापाशी नेला. वाजतगाजत नेला, कोंबडं दिलं, समदं केलं. पर जागा सुटती व्हय देवाची? माणसं इसरली. गाड्यांनी वळीकलं."

"आक्का, गाडी थांबते ती वायफायमुळे."

"मग वायफाय ह्याच खांबाला का जातंय?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "असं बघा. शेडमध्ये वायफायचे डबे लावलेत ना? गाडी एका डब्याच्या टापूतून दुसऱ्याच्या टापूत जाते, ती बरोब्बर या खांबापाशी. म्हणजे एकीच्या कडेवरचं मूल दुसरीनं घ्यायचं. वायफाय काय करतं, पहिली हात सोडते, आणि मग दुसरी हात पुढे करते."

"अगं बाई! आन् मधी पोरगं?"

"मध्ये पोरगं पडतं. म्हणून गाडी भिऊन थांबते. मी जे नेटवर्क लावणार आहे त्यात दुसरीनं पक्कं धरल्याशिवाय पहिली सोडतच नाही."

बायाक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजी तुमचं नेटवर्क लेकुरवाळं हाय म्हणा की."

आमच्या कंपनीच्या एवढ्या गुळगुळीत माहितीपत्रकात इतकं बरं वाक्य एकही नव्हतं.

काम सुरू झालं. छताला अँटेना चढल्या, ऑफिसमागच्या एका खोलीत यंत्रांचं कपाट उभं राहिलं, गाड्यांच्या पोटात सिमकार्डं गेली. ती यंत्रांची खोली मला फार आवडायची. थंडगार, आतून कडी असलेली. दर तीन-साडेतीन तासांनी मी लॅपटॉपची बॅग घेऊन तिथे शिरायची आणि कडी लावायची. बॅगेत लॅपटॉपखाली दुधाचा पंप असायचा. हिरवे दिवे लुकलुकत, पंखे घूं करत, आणि मी खुर्चीवर बसून मोबाइलमधला रेवाचा फोटो बघत तिच्यासाठी दूध काढत. बाहेर सगळ्यांना वाटायचं, मॅडम फार बारकाईनं सेटिंग बघतात.

कारखान्यात बातमी पसरली होती की नवं नेटवर्क येतंय. त्यामुळे जो तो येऊन विचारायचा, पासवर्ड काय? खुद्द आबासाहेबही एकदा पांढरा सदरा, सोनेरी काडीचा चष्मा आणि हातात मोबाइल उंच धरून शेडभर फिरले.

"इंजिनीअरबाई, रेघा काय दिसंनात."

"आबा, हे नेटवर्क तुमच्या मोबाइलसाठी नाहीये. फक्त गाड्यांसाठी आणि मशीनसाठी."

"खासगी म्हटलं होतं तुम्ही."

"हो, खासगीच."

"मग खासगी म्हणजे कुणाचं?"

"तुमचंच."

"माझं हाय, आणि मला नाही?"

"बाकी कुणी त्यात शिरत नाही म्हणूनच ते चालतं, आबा. वायफायवर आत्ता सगळ्यांचे मोबाइल आहेत. जेवणाच्या सुट्टीत सगळा कारखाना क्रिकेट बघतो, आणि गाडी बिचारी त्या गर्दीत वाट विचारत उभी राहते. आता तिला तिचा स्वतःचा रस्ता. त्यावर दुसरं चिटपाखरू नाही."

आबांनी एका गाडीकडे बराच वेळ पाहिलं. "म्हणजे गाडीला हाय, मालकाला नाही," ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

आणि तो दिवस उजाडला. एक नंबरची गाडी माल घेऊन निघाली. खांब जवळ आला. हेरवाडे साहेबांनी डोळे मिटले. गाडी आली तशी खांबावरून सरळ पुढे गेली. मागून दोन नंबर, मागून तीन. मिचकावणं नाही, अडखळणं नाही. हेरवाडे साहेबांनी डोळे उघडले आणि ओरडले, "नाद खुळा!"

मी वळून बायकांकडे पाहिलं. टाळ्यांची अपेक्षा होती असं नाही, पण निदान एखादं हसू. तपासणीच्या टेबलांमागे सगळे चेहरे घरात मयत झाल्यासारखे. बायाक्कांच्या हातात झेंडूचं फूल तसंच होतं.

"देवाला न भेटता गेली," त्या म्हणाल्या.

"आक्का, ती आता कधीच थांबणार नाही!" मी आनंदानं सांगितलं.

"कवाच न्हाई?"

"कधीच नाही."

बायाक्कांनी फूल परत खिशात ठेवलं. बेल्ट चालू होता, त्यामुळे पुढचं बोलायला त्यांना वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून देवाचा कोप सुरू झाला. सकाळी पाच नंबरची गाडी खांबाजवळ थांबली. धावत गेले, तर वाटेत मधोमध नारळ. शेंडी वर करून ठेवलेला, हळद-कुंकू लावलेला. गाडीच्या पुढच्या बाजूला लेझरचा डोळा असतो, वाटेत काही दिसलं की ती थांबते, आणि थांबायलाच हवी. नारळ उचलला, गाडी चालू केली. दुपारी त्या लेझरच्या डोळ्यावरच झेंडूची माळ. संध्याकाळी पाच सवाष्णींची ओटी भरायला ठेवावी तशी तांदळाची रास, वर सुपारी. मी पुण्याला रोज संध्याकाळी अहवाल पाठवायची. त्यात गाडी थांबली का, एवढाच रकाना होता. नारळाला रकाना नव्हता.

"हा भक्तिभाव नाही, मॅडम," हेरवाडे साहेब दातओठ खात म्हणाले. "हा संप हाय. फक्त त्याला कुंकू लावलंय."

"पण कशासाठी?"

"मला काय माहीत? बायकांचं मला घरातलं कळत नाही, इथलं काय कळणार?"

आम्ही दोघं आबांकडे गेलो. आबांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नारळ उचलायला मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "त्या देवाला माझ्या वडलांनी हलवलाय. तेव्हापास्नं आमच्या घरात त्याचं नाव जपून घेतात."

"आबा, शुक्रवारी पाहणी आहे," मी म्हटलं.

"तेवढं मला ठाऊक हाय. म्हणून गुरुवारी कौल लावायचा. गुरवाला बोलावलंय. नेटवर्क ठेवायचं का नाही, ते त्यालाच विचारू."

"कुणाला, गुरवाला?"

"म्हसोबाला, बाई."

हेरवाडे साहेबांनी मला बाहेर आल्यावर समजावलं. देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओली फुलाची पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. मी इंजिनीअरिंगला पहिल्या वर्गात पास झालेली, बाळंतपणातही मोबाइल सिग्नलवरचे शोधनिबंध वाचणारी मुलगी. आणि माझी रेवा कोल्हापुरात वाढणार की हैदराबादेत, हे एका पाकळीच्या ओलेपणावर ठरणार होतं.

बुधवारी हेरवाडे साहेबांनी मला मीटिंगमध्ये अडकवलं. शुक्रवारची तयारी, कोण कुठे उभं राहणार, पाहुण्यांना काय दाखवायचं, काय नाही. एक तास, दोन तास. माझी वेळ टळून गेली. कुडत्यावर ओल जाणवायला लागली तशी मी फाइल छातीशी धरली आणि "आलेच" म्हणून उठले. यंत्रांच्या खोलीपाशी गेले तर दार सताड उघडं. आत दोन माणसं शिडी लावून भिंत रंगवत होती. पाहुण्यांसाठी.

मी वळले ती थेट बायकांच्या स्वच्छतागृहाकडे. तोवर माझ्यावर तिकडे जायची पाळी फारशी आली नव्हती, ऑफिसातलं वापरायची मी. पण ते सगळ्यांत मिळून एकच, तिथे इतका वेळ कडी लावून बसता आलं नसतं. कारखाना बांधला तेव्हा तिथे कधी बायका कामाला असतील हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मग बायका आल्या, मग ही गोष्ट सुचली, आणि मागाहून सुचलेल्या गोष्टी जिथे बांधतात तिथे ती बांधली गेली. कॅन्टीनच्या मागे, भंगाराच्या ढिगाला वळसा घालून, कंपाउंडच्या भिंतीला लागून. मी भराभर चालत होते तरी वाट संपेना.

तेवढ्यात समोरून बायाक्का आल्या. चालत नाही, पळत. ॲप्रन खोचलेला, एका हातात चपला.

"आक्का! अहो, काय झालं?"

"बोलाया येळ न्हाई मॅडम, बेल्ट चालू हाय. शेवंताला माजं टेबल बगाया लावलंय, तिच्याफुडं ढीग साचंल." आणि पुढे जाता जाता त्यांची नजर माझ्या फाइलवर, मग फाइलच्या कडेनं दिसणाऱ्या ओल्या कुडत्यावर गेली. त्या थांबल्या.

"केवढं हाय?"

"सहा महिन्यांची."

"आन् हितं कुठं काढतीस?" मॅडमवरून त्या एकदम एकेरीवर आल्या. मला ते इतकं बरं वाटलं की रडूच यायला लागलं.

"त्या मशीनच्या खोलीत. आज तिथे रंगारी आहेत."

"म्हंजी सेटिंग-बिटिंग काय न्हाई."

"नाही."

बायाक्का हसल्या नाहीत. त्यांनी आपला ॲप्रन सोडला, माझ्या खांद्यावरून पुढे टाकला आणि मागून गाठ मारली. अगदी मुलीला शाळेत पाठवताना मारावी तशी. "तुला खोली तरी हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या डोक्यात कुठेतरी दूर एकेक दिवा लागायला लागला होता. थांबलेली गाडी. थांबलेला बेल्ट. बघता बघता नाहीशा होणाऱ्या बायका.

"आक्का, गाड्या थांबायच्या तेव्हा तुम्ही सगळ्या कुठे जायचात?"

"कुठं म्हंजी? हितंच की."

"प्रसादाला नाही?"

"कसला परसाद?" आता मात्र त्या हसल्या. "अगं, जेवणाच्या सुट्टीत समद्या यकदम येत्यात, हितं रांग कॅन्टीनपतुर. एरवी जायचं तर बदली बाई शोधा, सुपरवायझर म्हणून ते काल मिसरूड फुटलेलं पोरगं, त्येच्याफुडं उभं ऱ्हाऊन सांगा, मला जायाचं हाय. काय सांगायचं त्येला? आमची नंदा सकाळपास्नं पाणीच पीत न्हाई. न पिलं म्हंजी जायाला नको. त्येच्यात मुतखडा झाला पोरीला. हेरवाडे सायबास्नी म्हटलं, मधी दोनदा बेल्ट थांबवा. म्हनले, बगू. चार वर्सं झाली, बगत्यातच."

"आणि मग गाड्या आल्या."

"मग गाड्या आल्या आन् थांबाया लागल्या. बेल्ट आमी थांबवला तर आमचं चुकलं. गाडीनं थांबवला तर गाडीला पोरं धरून मारत्यात. पर देवानं थांबवला तर कुनाची छाती हाय इचारायची?"

"म्हणजे म्हसोबा खोटाच."

बायाक्कांचा चेहरा एकदम कडक झाला. "त्वांड सांबाळ. देव खोटा न्हाई. त्येनं आमची सोय केली हुती. तू ईवून काढून घेतलीस." आणि चपला पायात सरकवून त्या पळाल्यासुद्धा.

मी आत गेले. तिथे बसायला काही नव्हतं. भिंतीला टेकून उभ्या उभ्या काम उरकलं आणि परत शेडमध्ये आले ती सरळ कंट्रोल रूममध्ये. अँटेना नाही, सिमकार्डं नाहीत, त्या दुपारी मी फक्त गाड्यांच्या वेळापत्रकात दोन ओळी घातल्या. वायफायवर असतं तर घालून उपयोग नव्हता. थांबा म्हटलेलं तिघींना ऐकू गेलं असतं, तिघींना नसतं, आणि एक दुसरीवर आदळली असती. आता सहाही गाड्यांना एका क्षणी कळणार होतं. थांब्याला नाव द्यावं लागतं. मी नाव दिलं.

गुरुवारी सकाळी गेटजवळच्या देवळीपाशी कारखाना जमला. शेंदूर लावलेला हातभर उंचीचा म्हसोबा, त्याच्या दोन खांद्यांवर जास्वंदीच्या दोन ओल्या पाकळ्या. गुरव घसा खाकरून म्हणाला, "घाला गाऱ्हाणं." आबांनी टोपी सारखी केली.

"बा म्हसोबा, ह्या नव्या नेटवर्कमुळं गाड्या तुझ्यासमोर थांबत नाहीत. तर हे ठेवू का काढू? ठेवायचं असलं तर उजवी दे."

आम्ही बघत राहिलो. पाकळ्याही बघत राहिल्या. ऊन चढायला लागलं. हेरवाडे साहेबांचं ओठातल्या ओठात काहीतरी चाललं होतं, बहुतेक पाहणीचं वेळापत्रक. आबांचा मोबाइल वाजला. त्यांनी तो घाईघाईनं काढला, "हॅलो, हॅलो" केलं, रेंज गेली, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू तीही मीच काढून घेतली. डावी पाकळी जराशी हलल्यासारखी वाटली. हैदराबादला थंडी असते का, असले विचार यायला लागले.

मी पुढे झाले. देवाशी बोलायची मला सवय नाही. घरी आई बोलते, मी नुसता हात जोडते. पण आवाज आपोआप मोठा निघाला.

"देवा, गाड्या थांबतील. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा, रोज. तुझ्या खांबापाशी, सगळ्या मिळून, आणि बायका परत जागेवर आल्याशिवाय हलणार नाहीत. पण एरवी तू त्यांना थांबवायचं नाहीस. नारळ नाही, माळ नाही, तांदूळ नाही. कबूल असेल तर उजवी दे."

"बायका?" हेरवाडे साहेब म्हणाले. "बायकांचा काय संबंध?"

माझ्या शेजारी, देवळीच्या अगदी दारात उभ्या असलेल्या बायाक्कांना त्याच वेळी खोकला आला. साधासुधा नाही, लेथ मशीन लाजेल असा.

उजवी पाकळी पडली.

"दिला!" गुरव ओरडला. आबांनी दोन्ही हात जोडले, बायकांनी ओरडून "म्हसोबाच्या नावानं चांगभलं" केलं. हेरवाडे साहेब एकदा पाकळीकडे, एकदा बायाक्कांकडे बघत होते.

"ही खोकली," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"धूळ असते हो इथे," मी म्हटलं.

शुक्रवारी पाहणीला आल्या त्या सबनीस बाई. बारीक कापलेले पांढरे केस, पायात लोखंडी टोपीचे बूट, आणि एक शब्द जास्त बोलायचा नाही असा पण केलेला चेहरा. त्या खांबापाशी उभ्या राहून गाड्या बघायला लागल्या. एक गेली, दोन गेली, पुन्हा एक आली. त्यांनी मुद्दाम शेडमधल्या सगळ्यांना मोबाइलवर व्हिडिओ लावायला सांगितले. सगळ्यांनी आनंदानं लावले. गाड्या आपल्या रस्त्यानं चालत राहिल्या. त्यांनी दोन क्रेन एकाच वेळी फिरवायला लावल्या. गाड्यांना पत्ताही नाही. सबनीस बाई "हं" म्हणाल्या. हेरवाडे साहेबांनी मला मागून अंगठा दाखवला.

आणि थांब्याची वेळ झाली.

सहाही गाड्या एकाच क्षणी थांबल्या. कुणी खांबापाशी, कुणी वाटेत, एकदम, कवायतीसारख्या. बेल्ट थांबला. शेडमध्ये एवढी शांतता झाली की छतावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

"हे काय?" सबनीस बाई म्हणाल्या. "बिघाड?"

हेरवाडे साहेबांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, गेटच्या दिशेनं पाहिलं. मग छाती पुढे काढली. "नाही मॅडम. हा आमचा ठरवलेला थांबा हाय. चार वर्षं ह्याच्यावर आमचा विचार चालू होता."

"सगळ्या एकदम थांबल्या? एका सेकंदात?"

"एका सेकंदात. आणि चालू पण एकदम होणार. आमचं खासगी नेटवर्क हाय."

सबनीस बाई पहिल्यांदा जरा हसल्या. "थांबवता येतं तेच खरं चालतं," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर टेबलांमागून उठून निघालेल्या बायकांच्या रांगेकडे गेली. त्या माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्या जातायत तिकडेच आहे का? सकाळी पुण्याहून निघाल्यापासून..."

"तिकडेच. जरा लांब आहे."

त्या रांगेच्या मागून गेल्या. परत आल्या तेव्हा म्हणे त्यांच्या बुटांना भंगाराची धूळ होती आणि चेहरा आबांकडे वळलेला होता. दोघांचं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही, कारण मी तिथे नव्हते. पण पुढच्याच महिन्यात खांबापासून हाकेच्या अंतरावर बांधकाम निघालं. आज तिथे बायकांची स्वच्छ, फरशीची खोली आहे, आत एक पडदा लावलेला कोपरा आणि हात असलेली खुर्ची आहे. गाड्यांच्या यादीत थांब्याचं नाव अजूनही 'म्हसोबा' असंच आहे. नेटवर्क आबांनी ठेवून घेतलं, हैदराबाद टळलं. त्यानंतर मी किती कारखान्यांत नेटवर्क लावलं असेल, पण कुठेही गेले की आधी विचारते, तुमच्याकडे काय काय बंद पडतं, आणि ते बंद पडलं की कोण कुठे जातं.

पण मी तिथे का नव्हते, ते सांगायचं राहिलं.

गाड्या थांबल्या, सबनीस बाई रांगेमागे गेल्या, आणि मी खांबापाशी तशीच उभी. हातात टॅबलेट, डोळे पडद्यावर, सहा हिरवे ठिपके जागच्या जागी आहेत ना ते बघत. माझीही वेळ टळायला आली होती. पण पाहणीच्या मध्यात निघून कशी जाणार?

बायाक्का रांगेतून बाहेर आल्या. हात धरून मला खांबापासून बाजूला ओढलं.

"हितं काय राखण करतीस? म्हसोबा थांबलाय न्हवं? मग तूबी जा की."

"आक्का, पाहुण्या आहेत. कुणी मध्येच आत आलं तर?"

"कोन येतंय बगू तर."

मी यंत्रांच्या खोलीत गेले. रंगाचा वास होता. हिरवे दिवे लुकलुकत होते. मी मोबाइल समोर टेकवला, रेवा बोळकं पसरून हसत होती, आणि मी खुर्चीत मागे टेकून डोळे मिटले. बाहेर सगळा कारखाना गप्प होता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला घाई नव्हती.

कॉरिडॉरमधून बुटांचा आवाज आला. हेरवाडे साहेब सांगत होते, "आणि पाहुण्यांना दाखवायच्या आधी ही नेटवर्कची खोली, आबा, आत बघूया..."

दाराबाहेर बायाक्का खोकल्या.

बुटांचे आवाज थांबले, क्षणभर घुटमळले, आणि आले तसे परत गेले.